सबनीस साहेबांची टेप

व्यावसायिक कबड्डी संघासाठी खेळाडू निवडणारे सबनीस साहेब कॉलेजच्या पोरांचं भविष्य टेपनं मोजून सांगत. ठेंगण्या सुदामची उंची, छाती, मांडी मोजून त्यांनी निकाल दिला, "कॉलेजात चमकला असेल, मोठ्या मैदानात टिकायचा नाही!"

सुदाम म्हणजे प्रशिक्षक इंदूताईंचा हुकमी चढाईपटू. ताई मनातून पेटल्या, पण गोड हसून म्हणाल्या, "साहेब, तेवढे आकडे मैदानाच्या मधोमध उभं राहून वाचा की."

साहेब ऐटीत वाचू लागले. ताईंनी खूण केली, तशी सात दांडगी पोरं हातात हात घालून त्यांच्या अंगावर चालून आली. अर्ध्या आकड्यावरच साहेबांची वाचा बसली.

"दम तुटला, साहेब. तुम्ही बाद!" ताई म्हणाल्या. "याच सातांच्या कोंडाळ्यात सुदामचा आजवर एकदाही तुटला नाही. तो कुठल्या टेपनं मोजता, तेवढं सांगा."