लोंढेकाकूंच्या मार्फत

एका मंगळवारी दुपारी, बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी, एक तरुण आई आपल्या लेकराला कडेवर घेऊन एका वृद्ध बाईंच्या दारात येऊन उभी राहिली, आणि तिथूनच ह्या सगळ्याला सुरुवात झाली. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण तीनला बाळाचं औषध असायचं आणि ते पाजून ती तशीच, पायात चपला अडकवून, धावत निघाली होती.

आईचं नाव सलोमी. वृद्ध बाईंचं नाव दीनाबाई, पण मिशन कंपाउंडात लहानथोर सगळे त्यांना दीनामावशी म्हणत. मावशींनी सारा जन्म खेडोपाडी पायी फिरून प्रभूचं वचन सांगण्यात घालवला होता. आता गुडघे थकले होते, जीभ मात्र शाबूत होती. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाच्या पोरीचं लग्न अडलं, कुणाचा नवरा दारूला लागला, की माणसं म्हणत, "मावशींना प्रार्थनेचा विषय द्या." आमच्यात ही रीतच आहे. आपली अडचण दुसऱ्याला सांगायची आणि त्यानं ती देवापुढे मांडायची. रीत चांगली आहे. एकमेकांसाठी प्रार्थना करणारी माणसं प्रभूला आवडतात. पण सलोमीचं जरा निराळं होतं. तिनं आपले सगळेच विषय वाटून टाकले होते, स्वतःकडे एकही ठेवला नव्हता.

तिच्या बाळाला ताप चढला की आकडी येई. डॉक्टरांनी समजावलं होतं, की पुष्कळ मुलांना असं होतं, वय वाढलं की जातं. आकडी आलीच तर घाबरू नका, बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, लांबली तर लगेच घेऊन या. सलोमीनं सगळं ऐकलं, पण मनात ठेवलं ते एवढंच, की पुन्हा येऊ शकते. तेव्हापासून ती जणू बाळाच्या कपाळावर हात ठेवूनच जगत होती. भाजी चिरता चिरता उठायची, कपाळ बघायची. केस विंचरता विंचरता उठायची, कपाळ बघायची. दर संध्याकाळी मावशी येत, बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, तेव्हा कुठे हिच्या घशाखाली घास उतरे.

आणि त्या दिवशी तिला कळलं, की मावशी उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरला लेकीकडे चालल्या. कायमच्या.

"मावशी, खरं आहे का हो?" दारातूनच तिनं विचारलं.

"खरंच आहे. गुडघे म्हणतात आता एकटं राहू नको, आणि लेक पण तेच म्हणते. दोघांचं एकमत झाल्यावर मी काय बोलणार?"

"मग माझ्या बाळासाठी प्रार्थना कोण करणार?"

"तू."

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"तुमच्यासारखं बोलायला. आपल्या चर्चचे साळवेपंच प्रार्थनेत कसे म्हणतात, हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, अनादि, अनंत... मला इतके शब्द येत नाहीत हो. घरसभेत साखळी प्रार्थना सुरू झाली, एकामागून एक सगळे मोठ्यानं बोलायला लागले, की माझी पाळी यायच्या आत मी चहा टाकायला उठते."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर आपल्या सभेत चहा वेळेवर मिळतो."

"थट्टा नका करू मावशी!" सलोमीनं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग मनातलं खरं काय ते हळूच बोलली. "मी काही वेडंवाकडं बोलले, आणि देवाचा राग माझ्या लेकरावर निघाला तर?"

मावशी उठल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला, हात जोडले, डोळे मिटले, आणि उपासनेत लावतात तसा सूर लावून म्हणाल्या,

"हे परमप्रिय व आदरणीय सलोमी, दानियेलाची पत्नी व या बालकाची माता, तू जी आमच्या उंबरठ्यावर उभी आहेस! आम्ही अपात्र असूनही तू आमच्या घरी आलीस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. तुझ्या थोर कृपेने तू आत ये व त्या खुर्चीवर विराजमान हो, आणि तुझे कसे चालले आहे ते आम्हांस कळव. आमेन."

आणि आमेन म्हणून झाल्याबरोबर सरळ आत निघून गेल्या!

सलोमी उभीच. तिला वाटलं, प्रवासाच्या तयारीच्या दगदगीनं म्हातारीचं काहीतरी बिनसलं. बाळाला मात्र तो सूर फार आवडला. ते टाळ्या पिटू लागलं.

शेवटी सलोमी आत येऊन खुर्चीवर टेकली. थोड्या वेळानं मावशी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. पण तांब्या सलोमीच्या हातात काही देईनात. आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अहो लोंढेबाई! जरा बाहेर या."

शेजारच्या लोंढेकाकू आत भांडी बांधत बसल्या होत्या. हातात सुतळी घेऊनच बाहेर आल्या.

"लोंढेबाई, ह्या बाईंना विचारा, पाणी हवंय का."

लोंढेकाकूंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "ही काय समोर बसलीय! तुम्हीच विचारा की."

"मला तिच्याशी बोलायला येत नाही. तुमचं तिच्याकडे वजन आहे. तुम्ही विचारा."

लोंढेकाकूंना काही उमगेना, पण गंमत वाटली. "सलोमे, मावशी विचारतात, पाणी हवं का?"

"हवंय मावशी."

"काय म्हणाली?"

"हवंय म्हणाली. आत्ता तर तुमचे कान चांगले होते!"

"बरं. तिला विचारा, बाळाचा ताप कसा आहे?"

"आज नाहीये मावशी, पण सकाळी जरा कोमट लागलं, म्हणून मी..."

"काय म्हणते ती, लोंढेबाई?"

"ताप नाही म्हणते. मावशी, भांडी बांधायची राहिलीत हं. तुमच्या दोघींचे निरोप पोचवत बसले तर उद्याची गाडी जाईल."

"आणि तिला असंही सांगा, की माझा तिच्यावर फार जीव आहे."

आता मात्र सलोमीला राहवलं नाही. "मी इथंच आहे की हो मावशी! हात लांब केला तर लागेल एवढ्यावर बसलेय. मध्ये ह्या काकू कशाला? उद्या तुम्ही जाणार, आज तरी माझ्याकडे तोंड करून माझ्याशी बोला ना!"

आणि बोलता बोलता तिला हुंदका आला.

मावशींनी तांब्या खाली ठेवला. तिच्यासमोर बसल्या, गुडघ्यांनी कुरकुर केली तरी खालीच बसल्या, आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"हेच, पोरी. हेच वाक्य देव तुला म्हणतोय. केव्हाचा म्हणतोय. मी इथंच आहे, मध्ये ही मावशी कशाला, माझ्याकडे तोंड करून माझ्याशी बोल. मघाशी मी दारात किती शुद्ध बोलले! एक शब्द चुकला का? पण तुला त्यात माझी माया जाणवली का? मग त्याला तुझी कशी जाणवेल? गावाकडं तुझे आप्पा आहेत. त्यांना फोन लावतेस तेव्हा काय म्हणतेस, हे थोर पित्या? नाही. म्हणतेस, आप्पा, जेवलात का. म्हणतेस, आप्पा, मला करमत नाही. ह्या बाळाला अजून आई म्हणता येत नाही, नुसतं 'आ' करून पदर ओढतं, तर त्याला तू चापट मारतेस? तू आई आहेस तर एवढं कळतं, आणि तो तर बाप आहे. प्रभू येशूनं क्रूसावर जीव दिला, देवाला माणसांच्या आड ठेवणारा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, तो काय तुझ्या नि त्याच्या मध्ये लोंढेबाईंना उभं करायला?"

"बघा बाई," लोंढेकाकू म्हणाल्या, "सगळं झालं की शेवटी माझंच नाव."

सलोमीला रडता रडता हसू आलं.

"मी नागपूरहूनही तुझ्यासाठी प्रार्थना करीन," मावशी म्हणाल्या. "तुझ्यासोबत करीन. तुझ्याऐवजी नाही करणार."

"पण बोलू काय?"

"आत्ता मनात काय आहे?"

"भीती."

"मग भीतीच सांग. आणि सांगून झालं की मी मघाशी पळाले तशी पळू नकोस. घटकाभर बस. त्यालाही काही म्हणायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेल्या. सलोमी रिक्षा वळेपर्यंत हात हलवत उभी राहिली, आणि दिवसभर घरात कामं करत राहिली. देवाशी मात्र काही बोलली नाही. आज बोलू, जरा वेळानं बोलू, असं करता करता दिवे लागायची वेळ झाली. दानियेल कारखान्यात दुसऱ्या पाळीला. ती पोळ्या लाटत होती. सवयीनं उठून बाळाच्या कपाळाला हात लावला, आणि हात भाजला.

तिनं बाळाला उचललं आणि धूम ठोकली. मावशींच्या घरापर्यंत आली. दाराला कुलूप! त्या गेल्याचं ती भीतीपोटी विसरूनच गेली होती. पायरीवर उभी राहून तिनं ते कुलूप पाहिलं, आणि तिला इतकं एकटं वाटलं की पाय उचलेना. पण बाळ कण्हलं. ती परत फिरली. घरी येऊन औषधाचे थेंब पाजले, बाळाला अंथरुणावर निजवलं, फडकं भिजवून पिळलं. आणि हात काम करत असतानाच तिच्या तोंडून निघालं,

"बापा..."

पुढचं सुचेना. सर्वसमर्थ नाही, अनादि नाही, काहीच नाही. मग जे होतं तेच बाहेर आलं.

"बापा, ह्याचं अंग तापलंय रे. थेंब दिलेत मी. आता फडकं ठेवते. मला फार भीती वाटतेय. तू बघतोयस ना? तिकडे लांब नको थांबू, इथं बस, ह्याच्या उशाशी. मावशी गेल्या, ह्याचे पप्पा कामावर आहेत, घरात मी एकटीच आहे. म्हणजे आपण दोघंच."

तेवढ्यात बाळाचे डोळे फिरले. हातपाय ताठ झाले.

"आली बापा, आली! थांब, मी ह्याला कुशीवर वळवते. हां. वळवलंय. तू धर, मी पण धरलंय, तू सोडू नकोस. का होऊ देतोस रे असं एवढ्याशा जिवाला? मला तुझा राग येतोय! येतोय तर येतोय, पण तू जाऊ नकोस. ऐकतोयस ना? इथंच थांब. इथंच थांब."

आणि आकडी गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशीच, आली तशी गेली. बाळानं टाहो फोडला. सलोमीनं त्याला छातीशी घेतलं, दानियेलला फोन केला, आणि पुन्हा फडकं पिळायला बसली. हळूहळू बाळाला घाम फुटला. डोळा लागला.

तिच्या लक्षात आलं, की आपण आमेन म्हटलंच नाही. मग तिनं ते म्हटलं नाही. तशीच बसून राहिली. कसला आवाज आला नाही, कसला उजेड दिसला नाही. तव्यावरची पोळी करपल्याचा वास मात्र घरभर होता. पण तिला आतून पक्कं कळत होतं, की आपण आत्ता जे बोललो ते भिंतीशी नाही बोललो. त्यानं ऐकलं. राग केला तोसुद्धा ऐकला, आणि उठून गेला नाही! इतक्या वर्षांत ती चर्चच्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळीकडे बसली होती, पण त्याच्या इतकी जवळ कधी बसली नव्हती. तिला एकदम हसू फुटलं. तशीच, ओलं फडकं हातात घेऊन, ती हसत हसत पुन्हा बोलायला लागली. बाळाचं सांगितलं. आप्पांच्या खोकल्याचं सांगितलं. पोळी करपल्याचंही सांगितलं. एवढं काय काय मनात साठलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं!

दानियेल धापा टाकत आला. दारातच थबकला. बाळ शांत झोपलेलं, बायकोचे गाल ओले, डोळे लखलखताहेत, आणि ती कुणाशी तरी भराभर बोलतेय.

"अगं, कसा आहे तो? दवाखान्यात न्यायचं ना? आणि घरात कुणी नाही, तू बोलतेस कुणाशी?"

"ताप उतरतोय, तरी दाखवून येऊ या. रिक्षा बघा तुम्ही," सलोमी म्हणाली. "मी निघतेच. आमचं एवढं बोलणं होऊ द्या."

आता तुम्हाला एक विनंती. तुमच्या मंडळीत, तुमच्या शेजारी एखादी बाई असेल, जी सगळ्यांना प्रार्थनेचे विषय देते आणि स्वतः गप्प बसते, शब्द चुकतील म्हणून घाबरते. तिला ही गोष्ट आजच सांगा. म्हणावं, बापाला तुझी भाषा येते. तू बोल. आणि तिनं ऐकली, की तिलाही म्हणावं, पुढं आणखी एकीला सांग.