वडजांबच्या गाईंचा मालक

"ही गाय कोणाची आहे?" प्रिंगल साहेबानं विचारलं.

"गावाची," सगळं वडजांब एका सुरात म्हणालं.

"आणि ती शिंगमोडी?"

"ती पण गावाचीच."

साहेबाच्या कपाळावरची शीर तटतटली. सकाळपासून हेच चाललेलं. सरकारनं वडजांबचं रान बंद केलं होतं, गवताच्या काडीला हात लावायचा नाही असा हुकूम. गावानं ठरवलं, हुकूम मोडायचा. पण दगड उचलायचा नाही की तोंडातून शिवी काढायची नाही. मग काय, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अख्खं गाव निघालं आणि आपापल्या दुभत्या गाई खुशाल रानात घालून बसलं. शिपायांनी गाई धरल्या, चावडीमागच्या कोंडवाड्यात कोंडल्या. इथवर ठीक. पण लिलाव करायचा तर मालक हवा ना? सगळ्या गावालाच बेड्या घालाव्यात, तर तालुक्याच्या तुरुंगात आधीच पाय ठेवायला जागा नव्हती.

साहेब गोरा अंमलदार, पक्का हट्टी. त्यात मराठीची परीक्षा पास झालेला, त्यामुळे या मुलखातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज. त्यानं थोडा विचार केला आणि गालात हसला.

"ठीक आहे. तुम्ही बोलत नाही, तर गाई बोलतील. उद्या दिवेलागणीला मी त्यांना सोडणार. गाय ज्याच्या दारात जाऊन उभी राहील, तो तिचा मालक. त्याला तुरुंग आणि गाईचा लिलाव! कोणी गाय हाकायची नाही, हाक मारायची नाही, वाट अडवायची नाही. तुमचा सत्याग्रह फार मोठा ना? मग तो गाईंनाही शिकवा. एकीनंही तुमच्यापैकी कोणाचं घर दाखवलं नाही, तर सगळ्या सोडून देईन."

गावाला पेच पडला. माणूस तोंड मिटून बसेल हो, पण संध्याकाळी घराकडे वळणाऱ्या गाईला कोण समजावणार?

रखमाजीच्या लेकीला, बयजाला, तर जास्तच घोर लागला. तुरुंगाचं भय नव्हतं. रखमाजी गाठोडं बांधून तयारच बसला होता. पण तांबडी? तांबडीला बयजानं पाडी असल्यापासून वाढवलं होतं, आपल्या ताटातली भाकरी मोडून घातली होती. ती लिलावात कुणाच्या हाती जाणार, या विचारानंच पोरीला रडू फुटायला आलं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. पदर खोचून पुढे झाली.

"साहेब, एक इचारू? गाय पाटलाच्या दारात गेली, तर पाटील मालक?"

"होय."

"अन् पाटलाहून बड्या माणसाच्या दारात गेली तर?"

"तो बडा माणूस मालक. कायदा सर्वांना सारखा. हा माझा शब्द आहे, सर्व गावासमोर."

"मग झालं," बयजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाचा खानसामा चरवी घेऊन कोंडवाड्यात आला. एवढ्या गाई ताब्यात असताना साहेबानं बिनदुधाचा चहा का प्यावा? पण एक गाय पान्हवेल तर शपथ. तांबडीनं तर अशी लाथ झाडली की चरवी एकीकडे आणि खानसामा दुसरीकडे. कुंपणाशी उभी असलेली बयजा म्हणाली, "अवो मामा, वासरू तोंडाला लागल्याबिगर गाय दूध देती व्हय?"

खानसाम्यानं जाऊन साहेबाला सांगितलं. साहेबानं लगेच फर्मान काढलं, घरोघरची वासरं गावाबाहेरच्या माझ्या बंगल्यावर आणा, आणि गाईही तिथंच आणून माझ्यासमक्ष पिळा. शिपायांनी कुठलं वासरू कुणाच्या दारचं हे न बघता सगळी एका कळपात हाकून आणली. चरव्या भरल्या, साहेब दोन कप चहा प्याला. गाई परत कोंडवाड्यात निघाल्या तशी बयजा हळूच म्हणाली, "वासरं ऱ्हाऊ द्यात हितंच. सांजच्याला परत चहा लागंल की."

"हुशार मुलगी," साहेब म्हणाला, आणि वासरं बंगल्याच्या आवारात बांधली गेली.

एक शिपाई शेतकऱ्याच्याच घरचा होता. हे कुठं चाललंय ते त्याच्या बरोब्बर ध्यानात आलं. पण साहेबानं त्याला काही विचारलंच नव्हतं, मग त्यानं तरी कशाला सांगावं? मिशीला पीळ देत उभा राहिला.

दिवेलागण झाली. दारं उघडी, माणसं चावडीपुढे गुमान बसलेली. साहेबानं स्वतः कोंडवाडा उघडला. गाई बाहेर पडल्या, सवयीनं गावाच्या वाटेला लागल्या. तांबडी तर सरळ रखमाजीच्या घराकडे वळली. बयजा चटकन उठून उभी राहिली.

तेवढ्यात बंगल्याकडून भुकेल्या वासरांनी हंबरडा फोडला. तांबडी थबकली, कान टवकारले, गर्रकन फिरली आणि शेपूट वर करून बंगल्याकडे धावली. तिच्यामागं शिंगमोडी, तिच्यामागं सगळ्या! साहेब टोपी सावरत धावला, त्याच्यामागून गाव.

पोचतात तो काय, साहेबाच्या गुलाबांच्या वाफ्यांत गाई उभ्या आणि वासरं ढुशा देत दूध पितायत. तांबडीनं तर पुढचे पाय व्हरांड्याच्या पायरीवर ठेवले होते.

"ही लबाडी आहे," साहेब ओरडला. "तिथे वासरं आहेत म्हणून त्या आल्या!"

"वासरं कुनी आनली, साहेब? तुमच्याच हुकमानं आली," बयजा म्हणाली. "आमी गाय हाकली न्हाई, हाक मारली न्हाई, वाट अडवली न्हाई. दार तुमचं, शब्द तुमचा. मालक घावला. आता सांगा, बेड्या कुनाला घालायच्या?"

साहेबानं एकदा गाईंकडे पाहिलं, एकदा तुडवलेल्या गुलाबांकडे. मग त्याला जे हसू फुटलं ते थांबेचना. डोळे पुसत तो म्हणाला, "जा, आपल्या गाई घेऊन जा. आणि मुली, तू माग. तुला काय बक्षीस देऊ?"

तांबडीच्या गळ्याला मिठी मारून बयजा मनसोक्त रडून घेत होती. तिनं नाक पुसलं.

"कोंडवाड्याची किल्ली द्या."

"किल्ली? अगं, तुम्ही उद्या परत रानात गाई घालणार. मग मला ती लागेल."

"घालनार तर हायेच," बयजा म्हणाली. "लागली की या मागायला. आमचं घर तर तुमास्नी आता ठावं झालंय, तांबडी सोताच तिकडं वळली व्हती!"

साहेब पुन्हा खो खो हसला, आणि खिशातली किल्ली काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली.