खाडीपलीकडच्या दाराची कहाणी

ऐका बायांनो, हजच्या वाटेची कहाणी. आटपाट बंदर होतं. तिथं हुरमतबी नावाची एक विधवा राहत होती. तिचा एकुलता एक लेक गलबतावर खलाशांचा तांडेल होता. एके वर्षी दर्या खवळला, गलबत फुटलं, लेक बुडाला. हुरमतबीनं ऊर बडवून घेतला. मग सुनेकडं पाहिलं. नफिसा तिचं नाव. सासू म्हणाली, तू पांढऱ्या पायाची, तू आलीस नि माझं घर बसलं. तिला नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढलं. नफिसा खाडीपलीकडं एका खोपटात राहिली. जाळी विणी, मिळेल ते खाई, कुणाशी बोलत नसे.

पुढं काय झालं? हुरमतबीनं हजची नियत केली. तिचा भाऊ इसाक सोबतीला निघाला. जाण्याआधी साऱ्यांची माफी मागायची, ही रीत. मग ती शेजारणीकडं गेली. शेजारणीनं माफ केलं. मग जावेकडं गेली. जावेनं माफ केलं, गळामिठी घातली. मग खाडीच्या काठाशी आली. होडीवाल्यानं विचारलं, पलीकडं जायचं का? तिनं पदर तोंडावर ओढला, मागं फिरली.

जहाज सुटलं. हाल सोसत मक्केस पोचली. काबाघराला फेरे घातले, मन निवेना. सफा-मरवा या दोन टेकड्यांमध्ये धावली, मन निवेना. अरफातच्या मैदानात उभी राहिली. सारं मैदान हमसून रडत होतं, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. शेजारी देशावरची एक म्हातारी होती. तिनं कारण विचारलं. हुरमतबीनं सारं सांगितलं. म्हातारी म्हणाली, “अल्लापाशी केलेला गुन्हा अल्ला माफ करील. सुनेचं काळीज तू जाळलंस, त्याची माफी सुनेकडंच. तुझी वाट अजून सरली नाही, बाई.”

मग ती परत आली. बंदरावर माणसं हार घेऊन उभी. तिनं मान वर केली नाही. तशीच होडीत बसली, पलीकडं गेली. खोपटात नफिसा तापानं पडली होती. अंगाची काडी झाली होती. तिनं सासूला ओळखलं.

“आई, माझ्यासाठी आलात, की तुमच्या हजसाठी?”

हुरमतबी खोटं बोलली नाही. “निघाले तेव्हा हजसाठी निघाले. तुला बघितलं, आता तुझ्यासाठी बसते.”

नफिसानं भिंतीकडं तोंड फिरवलं. म्हणाली, माफ केलं असं तोंडातून निघत नाही.

सासू उठली नाही. तिनं पेज भरवली. तिचं अंग पुसलं. तिचे गुंतलेले केस सोडवून वेणी घातली. लेकाच्या आठवणी दोघींनी काढल्या, दोघी रडल्या. ताप काही उतरला नाही. एका सकाळी नफिसानं सासूचा हात धरला.

“माफ केलं, आई. मला एकटीला जाऊ देऊ नका.”

हात हातात असतानाच ती गेली. हुरमतबीनं तिला शेवटची अंघोळ स्वतः घातली, कफन स्वतः नेसवलं. लोक म्हणाले, तुमचा हज कबूल झाला. ती म्हणाली, झाला असेल. पण आधी आले असते तर पोर जगली असती.

तेव्हापासून त्या बंदरातून कुणी हजला निघालं, तर आधी नकोशा वाटणाऱ्या दाराशी जातं. बायांनो, हुरमतबीला माफी मिळाली, तशी तुम्हांआम्हां मिळो. पण तिच्यासारखा उशीर कुणाला न होवो. साठां उत्तरांची ही कहाणी, पांचा उत्तरी सांगितली, ऐकणारीच्या पदरी सुफळ होवो.