छातीत काही नाही

“...म्हणजे छातीत काही नाही, असं तू लिहिलंस?” डॉ. वर्टीकरांनी विचारलं.

“काही नाही, सर. तीनदा पाहिलं,” निनाद म्हणाला.

मिरजेच्या एका रुग्णालयात तो त्यांच्या हाताखाली सीटी स्कॅन वाचायला शिकत होता. हुशार होता, ते तो कुणाला विसरू देत नसे.

ज्यांच्या छातीचा हा स्कॅन, त्या कमलताई थोरवत बाहेर बाकावर बसल्या होत्या. दोन वर्षांत चेहरा फुगून इतका गोल झालेला, की आधार कार्डावरच्या फोटोशी जुळेना म्हणून खिडकीवरच्या माणसानं त्यांना अर्धा तास अडवलं होतं.

अंगात कुठूनतरी नको ते संप्रेरक पाझरत होतं. डोक्यात उगम सापडला नव्हता. छातीतही नसेल, तर त्या संप्रेरकाच्या हुकमावर राबणाऱ्या पोटातल्या दोन्ही ग्रंथी उद्या काढायच्या. मग जन्मभर गोळ्या.

“हे ‘काही नाही’ कुठं आहे?” सर म्हणाले. “बोट ठेवून दाखव.”

निनाद हसला. सर हसले नाहीत.

“जे नाहीच, त्यावर बोट कसं ठेवू?”

“एकेक रक्तवाहिनी धर. टोकापर्यंत जा. टोक आलं की म्हण, इथं काही नाही.”

पडद्यावर फुप्फुसाचे काप सरकू लागले. कापात रक्तवाहिनी ठिपक्यासारखी दिसते; काप बदलला की ठिपकाही पुढं चालतो. निनादचं बोट त्याच्या मागोमाग.

“इथं काही नाही... इथं काही नाही...”

आधी आवाजात कंटाळा होता. चहा आला, निवला. मग त्याला चक्क मजा वाटू लागली. एवढ्या वाटा त्यानं आजवर पाहिल्याच नव्हत्या.

“इथं...”

बोट थांबलं.

वाटाण्याहून लहान ठिपका. चार-पाच कापांत दिसला आणि विझला. कुठून आला नव्हता, कुठं जातही नव्हता.

“सर... ही रक्तवाहिनी नाही.”

सरांनी फोन उचलला. “उद्याचं ऑपरेशन थांबवा. छातीत गाठ दिसतेय.”

निनादचे कान तापले होते. तरी राहवेना.

“सर, ती इथं आहे, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?”

सरांनी गार चहा एका घोटात संपवला.

“मला कुठलं ठाऊक? ठाऊक तर तुला होतं, ‘काही नाही’ म्हणून.”