वेलाबाईची नक्कल

फार पूर्वी संगणक खोलीभर असत, तेव्हाची गोष्ट. एका बंदरातल्या अशा संगणकाच्या पोटात पुष्कळ प्रोग्रॅम नांदत. भरती-ओहोटीचं गणित मात्र त्यांतल्या एकट्या वेलाबाईला येई. ज्याला गरज पडे तो ऐनवेळी हाक मारी. ती येई, उत्तर देई आणि दुसऱ्याच्या हाकेला धावे.

होड्यांना आत यायचा इशारा देणारा तांडेल नावाचा प्रोग्रॅम मात्र सदा धास्तावलेला. "होड्या खाडीच्या तोंडाशी आल्या आणि ही आलीच नाही तर?" त्याला चैन पडेना. शेवटी त्यानं वेलाबाईची हुबेहूब नक्कल आपल्या पोटात शिवून घेतली. अंग जड झालं, पण हाक मारायची कटकट मिटली.

पुढे खाडीच्या तोंडाशी गाळ साचला. संगणक सांभाळणाऱ्या सासवणेबाईंनी वेलाबाईला नवं गणित शिकवलं. दुसऱ्या सकाळी वेलाबाईला विचारून चालणारे दिवे, भोंगे, दरवाजे आपोआप नव्या वेळा पाळू लागले. एकट्या तांडेलनं पोटातल्या नकलेचं ऐकून जुन्याच वेळेला इशारा दिला, आणि मासळीनं भरलेली होडी गाळात रुतून कलंडली.

"अगं, तू तर माझ्यापाशीच होतीस!" तांडेल कासावीस होऊन ओरडला. "मग सांगितलं का नाहीस?"

"मी कुठली तुझ्यापाशी?" वेलाबाई म्हणाली. "तू हाक मारायचीच सोडलीस. तुझ्या पोटात आहे ती गाळ साचायच्या आधीची मी."

बाहेर माणसं मांडीभर चिखलात उतरून होडी ढकलत होती. तांडेलच्या पोटातली नक्कल शांतपणे सांगत होती, "पाणी भरपूर आहे. येऊ द्या."