पाणी कोणी कालवलं?

गौरीचे मुखवटे घडवणाऱ्या एका मूर्तिशाळेत एकदा असे भांडण पेटले, की रस्त्याने जाणारी माणसे थांबून आत डोकावू लागली. वैशाखाचे दिवस, वर पत्रा तापलेला, आणि खाली त्याहून तापलेला एक शिष्य. मूर्तिशाळा एका वृद्ध मूर्तिकाराची. सारे त्यांना तात्या म्हणत. शिष्याचे नाव प्रणीत. आणि ज्यांच्यावर तो तोंड सोडत होता त्या द्वारकाबाई, मूर्तिशाळेत रंग कालवणाऱ्या.

"डोळ्यांनी दिसत नसेल तर घरी बसा ना!" तो म्हणाला, आणि तेही चारचौघांत, कामावरच्या सगळ्या पोरीबाळींसमोर.

द्वारकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी हातातली काठी बादलीत टाकली, पदराला हात पुसले आणि खुंटीवरची पिशवी काढली. डब्याचे झाकण नीट लागेना, म्हणून त्यावर एक गुद्दा घातला. या पोराला रंग फवारायची गन धरता येत नव्हती तेव्हा तिच्या कपात रंग कोणी भरून दिला होता? निळ्यात किती पांढरा घालायचा हे कोणी सांगितले होते? आणि आज तोच पोरगा त्यांना डोळे नाहीत म्हणत होता.

झाले होते असे. एका जुन्या घरचे गौरींचे दोन मुखवटे रंगवायला आले होते, ज्येष्ठेचा आणि कनिष्ठेचा. असले काम नव्या मुखवट्यापेक्षा अवघड. रंग नवा चढवायचा, पण चेहरा तोच राहिला पाहिजे. घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे ज्या गौरीला हळदकुंकू लावले, ती उद्या परकी दिसली तर त्या मूर्तिकाराला जन्मभर क्षमा करत नाहीत. म्हणून द्वारकाबाई मुखवट्याच्या कानामागे बघत. तिथे कोणाचा हात पोहोचत नाही, तिथे जुना रंग टिकलेला असतो. त्या तेवढ्या नखभर जागेवरून अख्ख्या चेहऱ्याचा रंग कालवत. ही विद्या त्यांच्यापाशी होती आणि तिच्यावर त्यांचे घर चालत होते.

चेहऱ्याचा मूळ रंग ब्रशने, आणि गालावरची लाली एअरब्रशने. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी एक गन. तिच्यावर चिमुकला कप, पोटात एक लांब सुई, मागून कॉम्प्रेसरची हवा. ट्रिगर दाबून मागे ओढला की सुई मागे सरते आणि रंगाचा धूर उठतो. नीट चालली तर गालावर लाली कुठे सुरू झाली ते समजतसुद्धा नाही. नाही चालली तर काय होते, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. ज्येष्ठेचा मुखवटा आदल्या दिवशी झकास झाला होता. कनिष्ठेच्या गालावर मात्र गन थुंकू लागली. गोवर आलेल्या पोरासारखे तिचे गाल ठिपक्याठिपक्यांनी भरले. प्रणीतने ते पुसले, पुन्हा मूळ रंग दिला, पुन्हा गन धरली, पुन्हा ठिपके. मग त्याने कॉम्प्रेसरचा दाब वाढवला. ठिपके राहिलेच, वर रंग पसरून गालावर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ उठले. मग त्याने दाब आणखी वाढवला! आता हसावे की रडावे? दार उघडत नाही म्हणून अधिक जोराने लाथ घालणारी माणसे आपण रोज पाहतो. कडी आतून आहे की बाहेरून, एवढे पाहायला त्यांना सवड नसते.

आणि मुखवटे न्यायला त्या घरची माणसे संध्याकाळी यायची होती. तेव्हा कोणावर तरी खापर फोडणे भाग होते. काही माणसांना दोष सापडावा लागत नाही. माणूस सापडला की त्यांचे भागते.

"गुठळ्या आहेत तुमच्या रंगात," प्रणीत म्हणाला होता. द्वारकाबाईंनी मुकाट्याने रंग पुन्हा गाळून दिला. "घट्ट आहे," म्हणाला. त्यांनी पातळ करून दिला, दुधासारखा, काठीवरून सरळ धार पडेल असा. तरी ठिपके. तेव्हा तो त्यांच्या डोळ्यांवर घसरला, आणि वाटी घेऊन तरातरा तात्यांकडे जाऊन ती त्यांच्या नाकासमोर धरली, मग पंख्याखालच्या टेबलावर ठेवली.

"तात्या, एक काय ते ठरवा. रंग या कालवणार असतील तर गन मी धरणार नाही. त्यांना तरी ठेवा, नाहीतर मला तरी."

द्वारकाबाई पिशवी काखेत घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. तिथे त्या थांबल्या. जायचे तर होतेच, पण तात्या काय म्हणतात ते ऐकून जायचे होते. त्यांना वाटले, आता म्हातारा उसळेल. म्हणेल, अरे शहाण्या, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून ही बाई इथे रंग कालवते आहे. एवढे एक वाक्य. त्यांचे दुसरे काही मागणे नव्हते.

तात्या काहीच बोलले नाहीत.

त्यांनी गन हातात घेतली. कपातला सगळा रंग ओतून टाकला, गन धुतली, आणि कोपऱ्यातल्या माठातले पाणी कपात घातले. प्यायचे पाणी! मग नक्षी काढून दाखवायला ते जी काळी पाटी वापरत, ती त्यांनी फडक्याने पुसली आणि भिंतीशी टेकवून ठेवली.

"घे," ते प्रणीतला म्हणाले. "रंगव."

"पाण्याने?"

"पाण्याने."

कोणीतरी मागे फिसकन हसले. प्रणीतचे कान लाल झाले. द्वारकाबाईंचा तर संयमच सुटला. इथे माझ्या अब्रूची लक्तरे झाली आणि हे पाण्याचे खेळ मांडतायत! "तात्या," त्या दारातूनच कडाडल्या, "मला नको असेल तर तोंडाने सांगा. पोरखेळ कशाला? माझी मी जाते."

"जायचं तर जा, बाई. पण हे बघून जा," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढलेला होता. तेव्हा कुठे द्वारकाबाईंच्या लक्षात आले, की म्हातारासुद्धा संतापलेला आहे. फक्त कोणावर, ते कळत नव्हते.

प्रणीतने दात-ओठ खात ट्रिगर ओढला. पाटीवर पाण्याचा पट्टा उमटला. मधोमध धूसर, आणि त्याच्या एका अंगाला टपोरे ठिपके. सगळे एकाच बाजूला. पाटी तापलेली होती. बघता बघता पाणी उडून गेले आणि पाटी पुन्हा कोरी झाली.

"पुन्हा."

पुन्हा तसेच. त्याच बाजूला तेच ठिपके.

तात्या पाटीकडे बघत होते. मग त्यांनी विचारले, "प्रणीत, हे पाणी कोणी कालवलं?"

प्रणीत गनचे टोक न्याहाळू लागला.

"अरे बोल ना! मघाशी तर आवाज नाक्यापर्यंत जात होता. पाण्यात गुठळ्या आहेत का? पाणी घट्ट झालं का? द्वारकाबाईंनी माठात काय कमीजास्त केलं, सांग की सगळ्यांना!"

आता कोणी हसले नाही. पिशवी द्वारकाबाईंच्या काखेतून हातात आली होती, हे त्यांचे त्यांनाही कळले नव्हते.

तात्यांनी गनची शेपटी उघडली, सुई हळूच मागे ओढून काढली आणि प्रणीतच्या हातात दिली. "टोक नखावर ठेव आणि मागे ओढ. दाबू नकोस." प्रणीतने अंगठ्याच्या नखावरून सुई ओढली. ती मध्येच अडली, नखावर बारीक पांढरी रेघ उठली. सुईच्या टोकाला आकडा आला होता. डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान.

"सकाळी टोकावरचं टोपण काढून काम करत होतास. बारीक रेघ येते म्हणून. ठीक आहे, जाणते करतात तसं. पण पहिला ठिपका उडाला तेव्हा गन कुठे ठेवलीस?"

प्रणीत खाली मान घालून म्हणाला, "टेबलावर."

"ठेवलीस?"

"...आपटली."

बरे, पहिला ठिपका तरी कशाने उडाला असेल? उन्हाळ्यात सुईच्या उघड्या टोकावर रंगाचा कण सुकतो आणि रंगाची वाट अडते. ओल्या फडक्याने टोक टिपले की काम झाले. एका टिपण्याची गोष्ट! तिच्यासाठी याने आपटली गन, वाकवली सुई, आणि सुई वाकली म्हणून एका बाईला घरी बसायला सांगितले.

"दुसरी सुई द्या तात्या," प्रणीत हळूच म्हणाला.

"आहे माझ्याकडे. देणार नाही. हीच सरळ कर."

काचेचा तुकडा आला. सुई त्यावर आडवी ठेवायची, टोकावर नख टेकवायचे आणि सुई जागच्या जागी गोल फिरवायची. जोर केला तर टोक मोडते. हात थरथरला तर दुसरीकडे वाकते. रागावलेल्या माणसाच्याने हे काम होत नाही. प्रणीतने दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा चिडून हात मागे घेतला. तिसऱ्यांदा तो खाली मांडी घालून बसला. मूर्तिशाळेत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

तो बसला होता तेव्हा तात्या द्वारकाबाईंकडे वळले. "तुम्हाला वाटलं असेल, हा म्हातारा गप्प का."

"वाटणारच की!" द्वारकाबाई फटकन म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमच्याकडे काम करते. एक शब्द निघाला नाही तोंडातून."

"बाई, मी शब्द टाकला असता तर सगळ्यांनी मान डोलावली असती. मालक म्हणतात तर रंग चांगलाच असेल, म्हणाले असते. म्हणजे तुमचा रंग माझ्या मर्जीने चांगला ठरला असता. उद्या माझी मर्जी फिरली, किंवा मीच उरलो नाही, की पुन्हा तुमच्यावर बोट. आज तुमच्या बाजूने पाटी बोलली. तिला कोणाची भीड नाही." मग ते खाली बसलेल्या शिष्याला म्हणाले, "आणि तू ऐक. काम अडलं, की आधी त्यातून दुसऱ्याचा वाटा काढून घ्यायचा. रंग काढायचा, पाणी घालायचं. पाणीही अडलं, तर दोष आपल्या हातातल्या वस्तूत आहे. पाणी सरळ गेलं, तरच दुसऱ्याच्या वाटीकडे बघायचं. तू आधी माणूस धरलास आणि मग दोष शोधायला निघालास. जोर लावून अडलेलं सुटत नाही रे, नुसतं चारीकडे उडतं."

प्रणीतने सुई पुन्हा नखावरून ओढली. ती लोण्यातून काढावी तशी निघाली. त्याने ती गनमध्ये बसवली, टोपण लावले, दाब उतरवून पहिल्या जागी आणला आणि पाटीवर पाणी मारले. पाटी एकसारखी धुरकटली. एकही ठिपका नाही.

मग तो उठून सगळ्यांच्या देखत द्वारकाबाईंसमोर उभा राहिला. "मावशी, मघाशी जे बोललो ते सगळं चुकलं माझं. तुमचा रंग चांगला होता. डोळ्यांवरून बोललो तेही चुकलं."

"ऐकलं," द्वारकाबाई म्हणाल्या. एवढेच. माफी मागणाऱ्याला वाटते की समोरचा आता लगेच विरघळेल. का म्हणून विरघळावे? जिव्हारी लागलेले शब्द परत घेतल्याने निघून जात नाहीत.

प्रणीतने त्यांच्या वाटीतली लाली कपात ओतली आणि एका कागदावर गन चालवून पाहिली. रंग अडखळत आला. खरबरीत, रेती टाकल्यासारखा.

सगळ्यांच्या माना एकदम द्वारकाबाईंकडे वळल्या.  पाणी सरळ गेले होते. आता तर तात्यांच्याच न्यायाने बोट त्यांच्या वाटीकडे होते. प्रणीतच्या नाकपुड्या फुलल्या, तोंड उघडले. मग त्याने ते मिटले, गन जपून स्टँडवर ठेवली आणि विचारले, "मावशी, पाणी नीट जातंय, रंग अडतोय. काय झालं असेल?"

द्वारकाबाई पिशवी खाली ठेवून आत आल्या. त्यांनी वाटीत काठी बुडवून वर धरली. रंगाची धार लागली नाही. थेंब काठीला लोंबत राहिला आणि मग सावकाश पडला. त्यांनी वर गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहिले, पुन्हा वाटीकडे पाहिले.

"रंग मी दिला तेव्हा दुधासारखा होता," त्या म्हणाल्या. "तू माझ्या नावाने ओरडत होतास, तेवढा वेळ वाटी पंख्याखाली उघडी पडली होती. त्यात सुकला."

तात्या खो-खो हसत सुटले. प्रणीतला हसू आले नाही. तो वाटीकडे बघत उभा राहिला. आपला राग किती वेळ चालला, हे त्याला कोणी रागावून सांगितले नव्हते. ते त्याच्यासमोर वाटीत घट्ट होऊन बसले होते.

द्वारकाबाईंनी पाण्याचे थेंब घातले, रंग ढवळला, जाळीतून गाळला आणि धार बघून त्याच्या हातात दिला. त्याने गन धरली. कनिष्ठेच्या गालावर लाली अशी चढली, की ज्येष्ठेशेजारी ठेवल्यावर दोघी सख्ख्या बहिणी दिसू लागल्या. ऊन कलले होते. मुखवटे न्यायला येणाऱ्यांसाठी कोणीतरी चहा टाकला.

द्वारकाबाईंनी पिशवी उचलली. प्रणीत दारापर्यंत त्यांच्या मागे आला. "मावशी, राग गेला ना?"

"नाही," द्वारकाबाई चपला घालत म्हणाल्या. "उद्या कामावर येईन तेव्हाही असेल."