चौथं वल्हं

"मग मला नावेतून उतरवलंत का? एवढंच सांगा."

हैबत माने दरडावून विचारत होता, आणि लिंबाजी भोई नदीच्या वळणावर दगडावर बसून तंबाखू मळत होता. कॉलेजच्या मुलांना वल्हवायला शिकवणारा हा म्हातारा. नावेत कोण बसणार हे तोच ठरवी. प्रिन्सिपलसाहेबही त्यात पडत नसत.

साल एकोणीसशे बारा. रविवारी गोऱ्या पलटणीच्या नावेशी शर्यत होती. कॉलेज सलग तीन वर्षं हरलं होतं आणि हैबत शेवटच्या वर्षाला होता. आता नाही तर कधीच नाही. नेमकं गुरुवारी सकाळी म्हाताऱ्यानं त्याला उतरवून साठ्याला बसवलं. साठे म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा गडी.

हैबतनं दंड दाखवले. आपल्याएवढं पाणी कॉलेजात कोणी ओढत नाही, गेल्या वर्षी आपल्या हातात वल्हं मोडलं होतं, तेही ऐकवलं. शिवाय म्हातारा सरावाच्या वेळी नदीकडे पाठ करून, डोळे मिटून बसायचा. पोरं त्याला हसत.

"न बघता तुम्हाला काय कळलं?"

लिंबाजीनं चिमूट दाढेखाली ठेवली. शेजारचा दगड हातानं झाडला.

"बसा. पाठ तिकडं."

हैबत चडफडत बसला.

मागून नाव आली. हैबतनं साठ्याची चूक पकडायला कान टवकारले. खप्प... आणि मग तळाखालून सळसळत जाणारं पाणी. खप्प... वल्ही चार होती, आवाज एक. त्यात साठे काही सापडेना. नाव लांब गेली तरी तो शोधतच होता.

म्हातारा तंबाखू चघळत राहिला.

बोलला तो बापट, सुकाणू धरणारा. किनाऱ्याला लागताच त्यानं सांगितलं, की आज सुकाणूला हात लावावा लागला नाही. "तू असलास की नाव आडवी पळते रे. मग मी आपला बैलाची शेपटी पिरगाळावी तसा सुकाणू पिरगाळत बसतो."

हैबत त्या दिवशी जेवला नाही.

शुक्रवारी सकाळी तो वळणावर आला. आवाज खाली होता.

"बाबा, एकदा बसू द्या."

लिंबाजीनं होकारार्थी मान डोलावली आणि नदीकडे पाठ केली.

त्या दिवशी हैबतनं आपलं वल्हं प्रथमच ऐकलं. बाकीच्या तिघांच्या केसभर आधी ते फाट्कन पडत होतं. इतके दिवस त्याला वाटे, तेच तिघं उशीर करतात. तो थांबायला शिकू लागला. थांबणं ओढण्याहून अवघड निघालं. हात नुसते शिवशिवत.

शनिवारी म्हातारा एवढंच म्हणाला, "उद्या न्याहारी कमी करा. नाव जड व्हतीया."

हैबत हरखून गेला. जागा मिळाली होती.

रविवारी दोन्ही काठांवर माणूस मावेना. इशाऱ्याची बंदूक उडाली आणि पलटण एक नावभर पुढे गेली. चार धिप्पाड गोरे पाणी फोडत होते. हैबतच्या अंगात आग उठली. पण ठेका मोजणाऱ्या बापटचा आकडा येईतो त्यानं वल्हं धरून ठेवलं. वळणावर गर्दी नव्हती. फक्त दगडावर पाठमोरा लिंबाजी.

खप्प... खप्प...

वळण सुटलं तेव्हा गोऱ्यांची नाव बरोबरीला होती. मग ती मागे सरू लागली, आधी नाक, मग पहिलं वल्हं, मग दुसरं. काठावरची माणसं नावेबरोबर धावत होती, पागोटी उडत होती. बापटचा आवाज फाटला होता. कॉलेज अर्ध्या नावेनं जिंकलं.

पोरांनी हैबतला खांद्यावर घेतलं. तो धडपडत खाली उतरला आणि ओल्या अंगानं काठाकाठानं अर्धा मैल धावत वळणावर आला.

"बाबा, जिंकलो. अर्ध्या नावेनं."

"व्हय? ब्येस झालं."

हैबतला धाप लागली होती. तरी त्याच्यानं राहवेना.

"आणि वळणावर... माझं वल्हं कसं पडत होतं?"

लिंबाजीनं तंबाखूची पिंक टाकली. मग वळून त्यानं हैबतला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आं? तुमी व्हता व्हय नावंत?"